आजीचं जाणं आणि दुखरी दाढ

ओम (नाव बदललंय) नऊ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगा. बोलतो मोजकंच, आणि त्यातलं बरंचसं समोरच्याचं वाक्य परत म्हणणं. आजी गेली आणि तेराव्यानंतर त्याने जेवण जवळजवळ टाकलं. रात्री-अपरात्री उठायचा, गालावर मूठ मारून घ्यायचा. काकू म्हणे, "आजीचा लळा होता, धसका घेतलाय पोराने." आत्याचं उलटं, "त्याला काय कळतंय? घरातल्या गर्दीने बिथरलाय." त्याची विशेष शिक्षिका म्हणून आईने मला बोलावलं. मी मुद्दाम जेवणाच्या वेळी गेले.

भाकरीचा तुकडा त्याने ओठांपर्यंत नेला आणि ताटात ठेवून दिला. दहीभात मात्र खाल्ला, मान डावीकडे कलती करून. मूठ बसायची ती उजव्या गालावर. "दुखतंय का?" विचारलं, तर "दुखतंय का" एवढंच परत आलं. भूक, कळ, ताप हे शरीराच्या आतले इशारे अनेक स्वमग्न मुलांना एकतर पुसट जाणवतात, नाहीतर असह्य. नेमकं कुठे दुखतंय हे सांगणं तर त्याहून अवघड. मग मी एक चेहरा काढला. आईच्या गालाला बोट लावून दाखवलं, तेच बोट चित्रावर ठेवलं आणि थांबले. बऱ्याच वेळाने त्याने पेन्सिल ओढून घेतली आणि चित्राचा एक गाल इतका दाबून गिरवला की कागद फाटला.

दंतवैद्यांना आधीच फोन करून गर्दी नसलेली वेळ मागून घेतली. ओमला दवाखान्याचे, खुर्चीचे फोटो दाखवले. दिव्याचा त्रास नको म्हणून गॉगल, मशिनच्या आवाजासाठी कानावर हेडफोन. दुधाची दाढ किडून पू झाला होता. ती काढली आणि आठवड्याभरात पोरगं भाकरी खायला लागलं.

याचा मला फार राग येतो. मूल स्वमग्न आहे म्हटलं की त्याच्या प्रत्येक वागण्याचं खापर स्वमग्नतेवर नाहीतर मनावर फुटतं. आधी दात, कान, पोट बघा. बद्धकोष्ठ आहे का बघा.

पण धसका नव्हताच, असंही नाही. दहाव्याला बाबांनी क्षौर केलं, मिशीही उतरवली. तेव्हापासून ओम त्यांच्याजवळ फिरकत नव्हता. अनेक स्वमग्न मुलांना चेहरे ओळखणं जड जातं, केस, मिशी, चष्मा अशा खुणांवर ती माणूस ओळखतात. आजी दिसेनाशी झाली, तिची खाट हलली, आणि त्याच दिवसांत बाबांच्या जागी कुणी वेगळाच माणूस! शिवाय त्याला सांगितलेलं, आजी गावाला गेली. म्हणून रोज एसटीच्या वेळेला तो चपला घालून दारात उभा राहायचा. तो रडला नाही, म्हणून लोकांनी ठरवलं की त्याला काही वाटत नाही. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या समाजशास्त्रज्ञाने 2012 मध्ये मांडलं, की स्वमग्न माणसं आणि इतर माणसं यांच्यात एकमेकांना न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. ते मला त्या दारात दिसलं.

आम्ही फोटोंची छोटी वही केली. "आजीचं शरीर बंद पडलं. तिला आता श्वास नाही, भूक नाही. ती परत येणार नाही. बाबांनी केस काढले, ते बाबाच आहेत." एवढं उघड लिहायला आजोबा तयार नव्हते. आईने त्यांना समजावलं आणि वही तिनेच वाचून दाखवली. बाबांच्या दोन फोटोंचं पान ओम पुन्हापुन्हा उघडायचा. हळूहळू चपला घालून उभं राहणं थांबलं. हरिपाठाच्या वेळेला मात्र तो खाटेच्या जागी जाऊन बसतो, आणि आता घरात कुणी त्याला उठवत नाही.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी कोण येणार, सामान कुठे हलणार, याचं चित्रांचं वेळापत्रक आम्ही आत्तापासून करतोय. बाबांनी या वेळी केस काढायचे की नाही, यावर घरात अजून चर्चा चालू आहे.