उजनीचा काठ, पळसनाथ आणि सकाळचे वीस मिनिटं

फोटो काढायला निघायच्या आधी बाकीचे हवामान बघतात, मी आधी उजनी धरण किती टक्के भरलंय ते बघतो. कारण पुणे-सोलापूर हायवेनं भिगवण सोडून पुढं पळसदेवला गेलं ना, की तिथला काठ एका जागी राहतच नाही. पाऊस चांगला झाला तर ऑक्टोबरात पाणी पार उसाच्या बांधाला लागतं, बाभळी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असतात, आणि मे महिन्यात त्याच जागेवरून पाण्यापर्यंत जायला भेगाळलेल्या गाळातून बरंच लांब चालावं लागतं. एकूण साठा ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफूट) आसपास, त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे तळाचं, सहसा सोडता न येणारं पाणी; टक्के त्याच्या वरच्या पाण्याचे मोजतात, आणि पाणी त्याच्याही खाली उतरलं की पेपरात "उजनी मायनसमध्ये" असं छापून येतं. शेतकऱ्याच्या पोटात गोळा आणणारी बातमी आहे ती. पण धरण तेवढं खाली गेलं की पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं, जे एरवी बुडालेलं असतं.

माझी आत्या पळसदेवला दिलेली. लग्न होऊन गेली ती जुन्या गावात, मग १९८० ला धरण पूर्ण झालं, गाव पाण्यात गेलं आणि माणसं वर येऊन बसली. "आमच्या वरातीचा गुलाल त्या देवळापुढं पडलाय," हे तिच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकतोय, त्यामुळं माझ्यासाठी तो नुसता फोटोचा स्पॉट कधीच नव्हता.

मे २०२४ मध्ये धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं तेव्हा गेलो. सूर्योदय सहाच्या सुमाराला, मी साडेचारला उठलो तर आत्या आधीच उठलेली. "एवढ्या अंधारात कुठं निघालास रे, चहा तरी घे." घेतला. आणि देवळापासून थोडं अलीकडं, पाण्याच्या कडेला ट्रायपॉड लावला.

इथं एक गोष्ट मनापासून सांगतो, सूर्य दिसायची वाट बघू नका. खरा रंग त्याच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं येतो आणि तोही आकाशात ढग असतील तरच, कोरं निळं आकाश असेल तर नुसती पिवळट पट्टी मिळते. मे महिन्यात संध्याकाळी वळवाचं वातावरण होतं आणि त्यातले विरळ उंच ढग कधी कधी सकाळपर्यंत टिकतात, सूर्य अजून क्षितिजाखाली असताना त्याचा उजेड त्या ढगांना खालून लागतो, आधी जांभळा, मग गुलाबी, मग तांबडा, आणि पाणी शांत असेल तर तेच सगळं खाली पण. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. देवळाचा शेंदरी उजेडातला काळा आकार आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब, दोन्ही एका फ्रेममध्ये, मी शटर दाबायचं विसरून दोन मिनिटं नुसता उभा होतो.

सेटिंग विचारतात म्हणून सांगतो. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १००, एफ ११ (लेन्सचं छिद्र बारीक), अंधार असेपर्यंत वीस-वीस सेकंदांचं एक्सपोजर, आणि उजाडायला लागलं की एकाच फ्रेमचे तीन फोटो, एक आकाशासाठी, एक मधला, एक जमिनीसाठी, नंतर घरी जोडायचे, कारण आकाश आणि गाळ यांच्या उजेडात फार फरक असतो. ट्रायपॉडच्या पायाखाली चपटे दगड ठेवा, ओल्या गाळात तो हळूहळू खचतो आणि सगळे फोटो हलतात. दिशेचं पण बघा, मे-जूनमध्ये सूर्य ईशान्येकडं सरकलेला असतो त्यामुळं इंदापूरच्या बाजूनं उभं राहिलं तर तो पाण्यावर उगवतो, डिसेंबरात आग्नेयेकडं जातो आणि मग फ्रेम सगळी नव्यानं शोधावी लागते.

होडीत बसणार असाल तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका, होडीवाले मामा कितीही ओळखीचे असले तरी. त्याच मे महिन्यात उजनीच्याच पाण्यात कळाशी-कुगावच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. मी सगळं काठावरूनच काढलं.

हिवाळ्यात भिगवणजवळच्या कुंभारगावला रोहित पक्षी येतात, पाण्यावर धुकं असतं, ऊसतोडीचा हंगाम असतो आणि पाचट पेटवल्याचा धूर क्षितिजाला धरून बसतो त्यामुळं सूर्य तांब्याच्या ताटासारखा वर येतो. सुंदर असतं, नाही म्हणत नाही. पण मला पळसदेवचाच काठ ओढतो.

साडेसातला परत आलो, आत्यानं भाकरी आणि चिलापीचं कालवण केलेलं. जेवायच्या आधी तिला कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत बसली, रंगांबद्दल एक शब्द नाही, बोट देवळाच्या उजव्या बाजूला नेलं जिथं फोटोत नुसतं पाणी आहे आणि म्हणाली, "हितं आमचा वाडा होता. अजून पाणी उतरलं तर जोतं दिसंल बघ, तेव्हा परत ये."

त्याच ऑगस्टमध्ये धरण पूर्ण भरलं. टक्केवारी मी अजून रोज बघतो.