आईला घेऊन फ्रान्सच्या खेड्यांत आठ दिवस: गाडी, घर, जेवणाच्या वेळा आणि रोकामादूर

पॅरिस आम्हीही केलं, तीन दिवस, छान झालं, पण त्याबद्दल वाचायला भरपूर मिळतं. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या आठ दिवसांबद्दल, नैऋत्य फ्रान्समधलं दोर्दोन्य नदीचं खोरं. मी, नवरा आणि माझी आई, वय ६७, गुडघे कुरकुरणारे, शुद्ध शाकाहारी (अंडं चालतं, तेही बाहेर गेल्यावरच). सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. निघायच्या आधी मला मराठीत याची माहिती फारशी सापडली नव्हती म्हणून जे जे अडलं ते सगळं लिहितेय.

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेन व्हिसा सहा महिने आधीपासून करता येतो, आम्ही तीन महिने आधी केला, प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो आणि राहण्याचं बुकिंग सगळ्या रात्रींचं दाखवावं लागतं, खेड्यातल्या घराचं सुद्धा. घरमालकिणीने नाव-पत्ता-तारखा असलेलं पत्र मेलवर पाठवलं, ते चाललं. गाडी चालवणार असाल तर आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या, वर्षभर चालतं, आणि सोबत आपलं मूळ लायसन्स पण न्यायचं, नुसतं परमिट उपयोगाचं नाही.

आता गाडीशिवाय जमेल का, तर माझ्या मते आई-बाबांना घेऊन नाही जमणार. ट्रेन मोठ्या गावापर्यंत जाते, पुढे बस दिवसाला एखाद-दोन, रविवारी बऱ्याच ठिकाणी तीही नाही. आम्ही पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून ब्रीव या शहराला गेलो, साडेचार तासांच्या आसपास, आणि गाडी तिथून घेतली. ऑटोमॅटिक हवी असेल तर खूप आधी बुक करा, लहान गावच्या ऑफिसात दोन-तीनच असतात आणि महाग असतात. मी गिअरचीच घेतली. गिअर उजव्या हाताला, पहिला अर्धा तास हात दरवाज्यावर आपटत होता, मग बसलं.

आमचा पहिला दिवस मात्र वाईट गेला. शनिवार होता, ट्रेन सव्वाबाराला पोचली आणि गाडीचं ऑफिस बारा ते दोन बंद. काचेवर वेळ लिहिलेली होती, बुकिंगच्या मेलमध्ये पण होती, मी वाचलीच नव्हती. आई बॅगांवर बसून राहिली. दोनला उघडलं तर डिपॉझिट ब्लॉक करायला चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड पाहिजे, डेबिट नको, नवऱ्याचं नको, आणि माझ्या कार्डाची परदेशातली लिमिट कमी ठेवलेली. स्टेशनच्या वायफायवर बँकेच्या ॲपमध्ये ती वाढवेपर्यंत घाम फुटला. तेव्हा चालवणाऱ्याच्या नावाचं कार्ड, लिमिट आधीच वाढवलेली आणि पिन पाठ, हे तीन घरूनच करून निघा. पिन यासाठी की खेड्यातले पेट्रोल पंप बरेचसे मशीनवर चालतात, माणूस नसतो.

पंपावरून आठवलं, तिकडे ‘गाझोल’ म्हणजे डिझेल! ऐकायला गॅसोलिनसारखं वाटतं म्हणून लोक पेट्रोलच्या गाडीत तेच भरतात. पेट्रोलला ‘एसाँस’ म्हणतात, नळावर E10 वगैरे लिहिलेलं असतं आणि पेट्रोलचं स्टिकर गोल, डिझेलचं चौकोनी, तेच स्टिकर गाडीच्या टाकीच्या झाकणाशीही असतं. दोन्ही जुळवून बघायचं आणि मग भरायचं.

रस्ते सुंदर आहेत, अरुंद पण खड्डा नाही. उजवीकडून चालवायचं हे लवकर अंगवळणी पडतं, अवघड जातो तो त्यांचा उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचा नियम. गावात जिथे काहीच पाटी नाही तिथे उजव्या बाजूच्या गल्लीतून आलेल्या गाडीला थांबून वाट द्यायची, मग ती गल्ली कितीही बारकी असू दे आणि आपण मोठ्या रस्त्यावर का असेना. पिवळा चौकोन टोकावर उभा केलेली पाटी दिसली की हक्क आपला, त्यावर काळी रेघ मारलेली दिसली की संपला. गोल चौकात आधीपासून आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं. आणि वेगाची गंमत म्हणजे गावाच्या नावाची पाटी, पांढरी, लाल कडेची, तीच ५० ची पाटी. वेगळा आकडा लिहिलेला नसतो. नावावर तिरकी रेघ आली की गाव संपलं. बाहेरच्या दोनपदरी रस्त्याला साधारण ८०, काही जिल्ह्यांनी परत ९० केलंय, तिथे पाटी बघायची.

राहायला आम्ही सुइयाकजवळ एका वाडीत दगडी घर घेतलं होतं, तिकडे अशा घराला ‘जीत’ म्हणतात, आठवड्याच्या हिशोबाने भाड्याने मिळतं, बहुतेक शनिवार ते शनिवार. चादरी-टॉवेल आहेत की वेगळे पैसे, शेवटची साफसफाई आपण करायची की त्यांनी, हे आधी विचारून घ्या. एकच मुक्काम आठ रात्री ठेवला हा आमचा सगळ्यात चांगला निर्णय. रोज बॅगा उचलायच्या नाहीत, आईला दुपारी पडता येतं, आणि रोकामादूर, सार्ला, कोलोंज ही बघायची गावं सगळी तासाभराच्या आत.

शनिवारच्या त्या घोळात आम्ही घरी पोचलो सहाला, थकलो होतो, किराणा उद्या आणू म्हटलं. उद्या रविवार. सुपरमार्केट दुपारी साडेबाराला बंद झालेलं, आम्ही गेलो एकला. घरमालकीण बाई शेजारीच राहायच्या, सत्तरीच्या असतील, त्यांना कळल्यावर अंडी, पाव आणि टोमॅटो आणून दिले, आणि आईने बॅगेतून मेतकूट काढलं, तांदूळ आणलेलाच होता. गरम भात, मेतकूट आणि तिथलं लोणी. आईने त्यांनाही वाटीत दिलं, त्यांनी हुंगून बघितलं, परत मागून घेतलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता पण आठवडाभर रोज संध्याकाळी अंगणात बसायच्या.

जेवणाचं नीट समजून घ्या. दुपारचं जेवण बारा ते दोन, पावणेदोननंतर स्वयंपाकघर बंद, अडीचला कितीही विनवलं तरी कॉफीच मिळते. रात्री साडेसातच्या आधी नाही. सोमवारी बरीच हॉटेलं बंद. आम्ही रोज सकाळी बेकरीतून पाव घ्यायचो, साडेबाराला जिथे असू तिथे जेवायला बसायचो, मग काही बघायचं राहिलं तरी चालेल. हा सगळा भाग बदकाचा. बटाट्याची भाजी म्हणून जे मिळतं, पोम सार्लादेझ, लसूण-पार्सली घातलेलं, वास इतका छान, ते बदकाच्या चरबीत परतलेलं असतं! आईने घास उचलायच्या आधी मी विचारलं म्हणून वाचलो. ‘सालाद पेरिगुर्दिन’मध्ये पण बदकाचे तुकडे असतात. शाकाहारी माणसाला चालण्यासारखं म्हणजे ऑम्लेट, गरम पावावर बकरीच्या दुधाचं चीज (रोकामादूर याच नावाचं, लहान चपटी चकती; पण ते प्राण्याच्या पोटातल्या रेनेटने विरजलेलं असतं, ते चालत नसेल तर टाळा), अक्रोड घातलेलं सॅलड, अक्रोडाचा केक. ‘सां व्यांद, सां कानार’ म्हणजे मांस नको, बदक नको, हे मी पाठ केलं होतं. आणि दुकानात शिरताना आधी बोंजूर, मगच प्रश्न. आम्ही पहिल्या दिवशी थेट विचारायला लागलो तर समोरची मुलगी गप्प उभी, बोंजूर म्हटल्यावर चेहराच बदलला. आई तर नंतर दारातूनच म्हणायची.

आता रोकामादूर, ज्यासाठी मी हे सगळं केलं. कड्याला चिकटलेलं गाव, खाली एकच रस्ता, त्यावर घरं, त्यावर देवळं, सगळ्यात वर किल्ला. आदल्या संध्याकाळी समोरच्या लोपिताले वस्तीतून बघितलं आणि सकाळी साडेआठला आत गेलो. अकरानंतर बस भरभरून येतात, तोवर आमचं झालं होतं. गावापासून देवळांपर्यंत २१६ पायऱ्या, पूर्वी यात्रेकरू त्या गुडघ्यांवर चढायचे. आईसाठी लिफ्ट आहे, तिकीट काढून, गाव ते देवळं एक आणि देवळं ते किल्ला दुसरी, हे माहीत नसतं तर मी तिला नेलंच नसतं. वर काळ्या मेरीचं छोटंसं लाकडी रूप आहे, काजळी धरल्यासारखं, आणि छताला लहान लहान जहाजं टांगलेली. वादळातून वाचलेल्या खलाशांनी वाहिलेली. मी आईला सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे नवसाची.” आणि बराच वेळ तिथेच बसली, मेणबत्ती लावली. उतरताना लिफ्ट नको म्हणाली. माझा हात धरून, एकेका पायरीवर थांबत, सगळ्या २१६ उतरली. मला तो दिवस कधी विसरता येणार नाही.

बाकीच्यांबद्दल. कोलोंज-ला-रूज, लाल वालुकाश्माचं गाव, भिंती, मनोरे, चर्च सगळं लाल. ‘फ्रान्समधली सर्वात सुंदर गावं’ ही संघटना १९८२ मध्ये इथल्याच सरपंचांनी सुरू केली, दोन हजारांपर्यंत वस्तीचंच गाव त्यात बसतं. संध्याकाळी पाचनंतर जा, दगड पेटल्यासारखा दिसतो. डोम हे १२८१ साली राजाने आखून वसवलेलं तटबंदीचं गाव, सरळ रस्ते, मधे चौक, आणि कड्यावरून नदीचा असा पट्टा दिसतो की आम्ही तासभर हललो नाही. ला-रोक-गाजाकला सपाट तळाच्या लाकडी होडीतून तासभर फेरी मारली, पूर्वी अशाच होड्यांतून लाकूड आणि दारूची पिंपं खाली जायची. सार्लाचा बाजार बुधवार आणि शनिवारी, शनिवारचा मोठा, नऊच्या आत पोचलात तरच पार्किंग मिळतं. पादिराकचं विवर बघणार असाल तर वेळेचं तिकीट ऑनलाइन आधी काढा, आत १३ अंश असतं, स्वेटर न्या, खाली १०३ मीटरवर जमिनीखालची नदी आणि होडी. लिफ्ट आहे पण मधे पायऱ्या पण बऱ्याच आहेत, आई वर बाकावर थांबली.

लास्को, ती प्राचीन चित्रांची गुहा, मला बघायची होती, आम्ही ‘लास्को ४’ ही प्रतिकृती बघितली, २०१६ ची, कारण मूळ गुहा १९६३ पासून बंद आहे, माणसांच्या श्वासानेच चित्रं खराब व्हायला लागली होती. प्रतिकृती म्हणून टाळू नका, ते बैल डोक्यावरून धावत जाताना बघून अंगावर काटा येतो.

रोज दोनच ठिकाणं ठेवली, एक सकाळी, एक संध्याकाळी. सां-सिर-लापोपी हे गाव बघायचं राहिलं, त्याचं थोडं वाईट वाटतं, पण त्या दिवशी आईला दमल्यासारखं झालं होतं.

परतीच्या रविवारी गाडीचं ऑफिस बंदच होतं, किल्ली खोक्यात टाकायची होती. टाकायच्या आधी चारही बाजूंचे, टाकीच्या काट्याचे आणि किलोमीटरचे फोटो काढून ठेवले, तुम्हीही काढा. डिपॉझिट बारा दिवसांनी सुटलं. घरमालकीणबाईंनी निघताना आईच्या हातात कागदी पिशवी दिली, त्यांच्या झाडाचे अक्रोड, नुकतेच पडायला लागलेले. आई त्यातले चार-पाच प्रवासभर पर्समध्ये घेऊन बसली होती. मेतकुटाची कृती मी त्यांना इंग्रजीत लिहून, फोनवर फ्रेंच करून पाठवलीय, हळद मिळाली म्हणतात, हरभऱ्याची डाळ कुठे मिळेल ते शोधतायत.