अफरवटचा दगड आणि सफरचंदाची पेटी

गुलमर्गचे पहिले दोन दिवस शिकण्यापेक्षा गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, रांगेतच जास्त गेले. रांग कसली, नुसती झुंबड. तिसऱ्या दिवशी अफरवट डोंगरावर, कोंगदूरीच्या उतारावर, भाड्याचा स्नोबोर्ड कशावरून तरी खर्रकन गेला. वर भुसभुशीत बर्फ, खाली दगड. मला काय ठाऊक! फळी उलटी केली तर तळाला वीतभर चर, आणि चरातून डोकावणारं लाकूड.

दुकानदाराने दोन हजार मागितले. ‘प्लास्टिकच्या फळीचे दोन हजार?’ मी तावातावाने विचारलं. आतून दुरुस्ती करणारे चाचा आले, मला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं आणि मधोमध मोडलेला एक जुना बोर्ड पुढ्यात टाकला.

मोडलेली कड बघितली आणि गप्पच झालो. प्लास्टिक होतं ते वरवरचंच. पोटात लाकडाच्या बोटभर रुंद पट्ट्या, एकमेकींना चिकटवलेल्या. त्यांच्या वर आणि खाली इपॉक्सी गोंदात भिजवलेलं फायबरग्लासचं कापड. तळाला पॉलिथिलीनचा जेमतेम मिलिमीटरभर थर, त्याला पोलादाची धारदार किनार. बूट बांधायच्या बाइंडिंगचे स्क्रू ज्यात बसतात ते पोलादी नटसुद्धा लाकडातच रुतवलेले. हे सगळं एकावर एक रचून साच्यात गरम दाबतात.

‘ये फ्रस है,’ लाकडावर नख मारत चाचा म्हणाले. ‘हमारे यहाँ सेब की पेटी बनती है इससे.’

फ्रस म्हणजे पॉपलर. वजनाला हलकं, वाकवलं की परत सरळ होणारं. टंगमर्गच्या रस्त्याला दुतर्फा उभी असलेली तीच झाडं. वसंतात त्यांचा कापूस उडतो म्हणून काश्मिरी माणूस ज्या झाडांना शिव्या देतो, त्यांना तिथे ‘रुसी फ्रस’ म्हणतात; पण झाड मूळचं अमेरिकेचं. स्नोबोर्डही तिकडचाच. 1965 साली मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की जोडून जी फळी केली, तिथून हे सगळं सुरू झालं.

मग चाचांनी चांगला बोर्ड जमिनीवर ठेवला. मधला भाग किंचित उचललेला. ‘चढो.’ मी उभा राहिलो तर तो सपाट झाला, उतरलो तर पुन्हा वर. म्हणजे दोन दिवस मी एका स्प्रिंगवर उभा होतो! फळीची कंबर दोन्ही टोकांपेक्षा बारीक का, तेही तेव्हा कळलं. बोर्ड कडेवर कलला की ती वक्र किनार बर्फात रुतते आणि फळी आपोआप वळते. आमच्या प्रशिक्षकाने दोन दिवसांत यातलं चकार शब्दाने सांगितलं नव्हतं. नुसतं ‘घुटना मोड़ो, घुटना मोड़ो’.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. पॉलिथिलीनची कांडी मेणबत्तीसारखी पेटवायची, थेंब थेंब चरात सोडायचे, निवलं की पत्र्याने खरवडायचं. कांडी लांब धरली की काजळी धरते. माझे पहिले चार थेंब काळेच पडले. वरून मेण घासून इस्त्री फिरवली. ती इस्त्री बघून मला उगाचच घर आठवलं.

शेवटी बाराशे घेतले. पावती नाही. चौथ्या दिवशी मी बर्फावर गेलोच नाही. चाचांच्या बुखारीच्या शेगडीपाशी कहवा पीत बसलो. परतताना टंगमर्गला फळांच्या दुकानाबाहेर रिकाम्या पेट्यांची चळत दिसली. गाडी थांबवून एकीला नख मारून पाहिलं. ड्रायव्हरने विचारलं, ‘सेब चाहिए, सर?’