आमची वाटचाल : ‘बोर्ड डिटेक्ट होत नाहीये’

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मायक्रोकंट्रोलरचे, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणाऱ्या छोट्या चिपचे, बोर्ड विकणारी दुकानं आज पावलापावलावर आहेत. पण ‘कॉम्प्युटरला बोर्ड सापडत नाही’ म्हणून परत आलेल्या पोराला काउंटरपाशी स्टूल देणारी किती, ते एकदा फिरून बघा. ‘तूच जाळला असशील, नवीन घे’ हे उत्तर गल्लीत फुकट मिळतं. आम्ही १९९९ पासून ते दिलेलं नाही. यात शहाणपणा किती होता, ते आमचे सीए दर मार्चमध्ये आम्हाला ऐकवतात.

सुरुवात ८०५१ या मायक्रोकंट्रोलरच्या ट्रेनर किट्सनी, म्हणजे शिकायच्या संचांनी झाली. मी आणि पॉलिटेक्निकमधला माझा मित्र, निम्मी-निम्मी भागीदारी, सदाशिव पेठेत त्याच्या आत्याच्या वाड्यातली मागची खोली. एटी८९सी५१ ही ८०५१ जातीची चिप, सिरियल पोर्टसाठी मॅक्स२३२ आणि नऊ पिनांचा डी कनेक्टर, एवढ्यावर संसार. त्या काळी कॉम्प्युटरने बोर्ड ओळखायचा प्रश्नच नव्हता. सिरियल पोर्टला काय लावलंय याची कॉम्प्युटरला खबरच नसायची. कॉम१ वर ९६०० च्या वेगाने अक्षरं सोडायची, पलीकडे कुणी ऐकत असेल तर ठीक, नसेल तर केबलच्या दोन-तीन नंबरच्या तारा उलटसुलट करून बघायच्या. काम झालं.

मग लॅपटॉप आले, त्यांच्या पाठीवरचा नऊ पिनांचा पोर्ट गेला आणि यूएसबी आलं. आता हे ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण आमचा सगळा धंदा या परिच्छेदावर चालतो.

बोर्ड जोडला की त्यावरची चिप डी-प्लस या डेटाच्या तारेचं व्होल्टेज दीड किलोओहमच्या रेझिस्टरमधून वर ओढते. त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की दारात कुणीतरी आलंय. मग तो ‘तू कोण?’ विचारतो. चिप कंपनीचा नंबर आणि मालाचा नंबर सांगते. त्या नंबरांवरून विंडोज ड्रायव्हर शोधतं, आणि मग कुठे डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्ट दिसतो. म्हणजे ‘डिटेक्ट होत नाही’ ही एक तक्रार नाही, त्या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. जोडल्यावर ‘टुडुंग’ आवाजसुद्धा आला नाही, तर तारेचा किंवा विजेचा दोष. आवाज आला पण ‘अननोन डिव्हाइस’ आणि कोड ४३, तर चिपला नाव विचारलं आणि तिला सांगता आलं नाही. अशा वेळी डेटाची तार अर्धवट तुटलेली असते, नाहीतर सीएच३४०जी या यूएसबी-सिरियलमधल्या दुभाषी चिपशेजारच्या १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचा सोल्डर उडालेला असतो. आणि नाव नीट दिसतंय पण पिवळा त्रिकोण, कोड २८, तर नुसता ड्रायव्हर नाही. पोरं हे तिन्ही एकाच वाक्यात सांगतात आणि सुरुवातीलाच विंडोज फॉरमॅट करून येतात.

आमच्या भागीदाराने केलेला टेस्टर आजही काउंटरवर आहे. साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत एका बाजूला यूएसबी-ए चं सॉकेट, दुसऱ्या बाजूला बी, मिनी आणि मायक्रो, आत दोन पेन्सिल सेल, वर चार एलईडी. लाल, काळी, हिरवी, पांढरी अशा चार तारांचे चार दिवे. केबल लावायची. चार लागले तर केबल बरी. लाल-काळ्याचे दोनच लागले तर ती केबल मोबाइल चार्ज करायची, तिच्यात डेटाच्या तारा घातलेल्याच नाहीत. बोर्डावरचा पॉवरचा दिवा लागतो, म्हणून पोरं शपथेवर सांगतात की केबल चांगली आहे. चौथा दिवा लुकलुकला तर केबल हलवून बघायची, गळ्यापाशी तुटलेली असते. मायक्रोचं सॉकेट आतापर्यंत कितीदा बदललं त्याची गणती नाही, डबी मात्र तीच आहे. बाजारात आता याहून देखणे टेस्टर मिळतात. आम्ही विकतोसुद्धा. वापरतो ही डबी.

भागीदार पुढे हिंजवडीत नोकरीला गेला. घराचे हप्ते होते, त्याचं चुकलं असं मी कुणापाशी म्हणणार नाही. मात्र नवीन पोरांना एक सांगतो, भागीदारीचा करार स्टँपपेपरवर करा, सख्खा मावसभाऊ असला तरी. आणि हत्यारं कुणाची, हे त्यात लिहा. आमचा वाद पैशांवरून झालाच नाही, सोल्डरिंग स्टेशनवरून झाला. टेस्टरची डबी मात्र त्याने आपणहून माझ्याकडे ठेवली.

त्यानंतरची बरीच वर्षं धंदा झाला. गल्लीत गाळा घेतला, २००५ साली इटलीत सुरू झालेलं आर्डुइनो, म्हणजे शिकणाऱ्यांसाठीचे सोपे बोर्ड, यथावकाश पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत पोचलं, २०१० मध्ये त्याचा ऊनो हा बोर्ड आला, प्रोजेक्टच्या मोसमात जेवायला फुरसत नसायची. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते २०१४ चं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २३ ऑक्टोबरला होतं. पोरं सुट्टीला गावी गेली, जाताना बोर्ड आणि लॅपटॉप घेऊन गेली. भाऊबीज झाली, दुकान उघडलं आणि बघतो तर दारात रांग. सगळ्यांचे आर्डुइनोचे छोटे नॅनो बोर्ड आणि यूएसबी-टू-सिरियल मॉड्यूल (नुसती दुभाषी चिप असलेली पट्टी) मेलेले. दिवाळीआधी चालत होते, आता कुठल्याच कॉम्प्युटरवर पोर्ट दिसत नाही. केबल बरी, क्रिस्टल बरं, पाच व्होल्ट बरोबर. एक-दोन बोर्ड असते तर नशीब म्हटलं असतं.

रात्री शटर अर्धं ओढून पेनड्राइव्हवरून उबंटू हे लिनक्स चालू केलं आणि एलएसयूएसबी ही जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी दाखवणारी आज्ञा टाकली. बोर्ड दिसत होता! कंपनीचा नंबर बरोबर, मालाचा नंबर चार शून्यं. मुळात तिथे ६००१ असायला हवं. मग उलगडा झाला. परदेशातल्या एका चिप कंपनीने आपल्या दुभाषी चिपच्या नकला शोधून त्यांचा नंबर शून्य करणारा ड्रायव्हर काढला होता आणि तो विंडोज अपडेटमधून आपोआप घरोघरी पोचला होता. शून्य थेट चिपच्या स्मृतीत लिहिलं गेल्यामुळे कॉम्प्युटर बदलूनही उपयोग नव्हता. जगभर ओरड झाली, काही दिवसांत ते अपडेट मागे घेतलं गेलं. पण लिहिलेलं शून्य काही मागे गेलं नाही.

आमच्या बिलावर, सप्लायरच्या बिलावर, चिपच्या पाठीवर, सगळीकडे अस्सल कंपनीचंच नाव होतं. आत सिलिकॉन कुणाचं, ते भिंग लावून दिसत नाही. सप्लायरला फोन केला तर म्हणतो, “साहेब, आजपर्यंत माल चालला ना? मग?” यावर काय बोलणार?

समोरच्या शेठनी त्याच आठवड्यात दुकानाबाहेर फलक लावला, ‘येथे फक्त ओरिजिनल बोर्ड मिळतील’. त्यांचा माल आमच्याच सप्लायरकडून यायचा. एकाच टेम्पोतून एकाच पट्टीची खोकी दोन्ही दुकानांत उतरायची, हे सगळ्या गल्लीने पाहिलंय. त्यांचेही बोर्ड शून्य झाले होते. पण त्यांनी पोरांना ‘शॉर्ट केलास’ म्हणून परत पाठवलं आणि नवीन विकले. आम्ही ठेवून घेतले, पावती दिली, ‘बघतो’ म्हटलं. परिणाम असा की खराब मालाचा ढीग आमच्या काउंटरवर आणि गर्दी त्यांच्या. ज्या कॉलेजला आम्ही वर्षानुवर्षं प्रयोगशाळेचा माल दिला, त्यांच्या भांडार विभागाने आमचं नाव यादीतून काढलं. कारण तोंडी सांगितलं, ‘डुप्लिकेट माल’. लेखी मागितलं तर मिळालं नाही. आणि यादीत आमच्या जागी कुणाचं नाव चढलं, ते सांगायलाच नको.

माळ्यावर विंडोज एक्सपी असलेला जुना कॉम्प्युटरचा डबा पडून होता. पूर्वी ईप्रॉम जाळायला, म्हणजे मेमरी चिपमध्ये प्रोग्रॅम लिहायला वापरायचो. इंटरनेट त्याला कधी जोडलंच नव्हतं, त्यामुळे नवा ड्रायव्हर त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. त्याच्यावर जुना ड्रायव्हर होता. ड्रायव्हरने कुठले नंबर ओळखायचे त्याची यादी आयएनएफ फाइलमध्ये असते, ती नोटपॅडमध्ये उघडून यादीत शून्य नंबरही घातला, म्हणजे त्याने या अनाथांनाही आत घेतलं. मग त्याच कंपनीच्या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरने परत ६००१ लिहिलं. बोर्ड उठला! एकेक करून सगळे उठवले. प्रत्येकाबरोबर कागदाची चिठ्ठी दिली, अपडेटमधून ड्रायव्हर घेऊ नका म्हणून. पैसे घेतले नाहीत. पण बोर्ड जिवंत करणं सोपं होतं, नाव परत मिळवणं नाही. त्या शैक्षणिक वर्षात गाळ्याचं भाडंसुद्धा निघत नव्हतं, आणि बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या हेही लिहूनच टाकतो.

इथे भोसरीच्या आप्पांचं नाव घेतलंच पाहिजे. आप्पा कॉइल वाइंडिंगची मशीनं बनवतात, वेढे मोजायला आमचा बोर्ड लावतात. त्यांच्याही शेडमध्ये मॉड्यूल शून्य झाली होती. फोनवर मी कारणं सांगायला लागलो तर म्हणाले, “आरं, बोर्ड मेलाय का नुसता रुसलाय, तेवढं सांग.” रुसलाय म्हटलं. दुसऱ्या दिवशी स्वतः आले, एक्सपीच्या डब्यासमोर बसून पहिला बोर्ड उठताना पाहिला आणि खिशातून चेकबुक काढलं. पुढच्या वर्षभराच्या मालाचे पैसे आगाऊ. “माल जमंल तवा दे. समोरच्याकडं मी जायचो न्हाय.” त्या चेकवर दुकान तगलं.

आप्पांकडचीच आणखी एक गोष्ट, कारण ती कामाची आहे. त्यांच्या शेडमध्ये बोर्ड मधूनच गायब व्हायचा. मशीन बंद केलं की लॅपटॉपवरून कॉम पोर्ट नाहीसा. आमच्या दुकानात तासन्‌तास चालायचा. सगळे बोर्डाला दोष देत होते. मी शेडमध्ये जाऊन नुसता ऐकत उभा राहिलो. काँटॅक्टर, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, सुटतानाचा ‘खट्’ आणि लॅपटॉपचा पोर्ट गेल्याचा आवाज एकाच वेळी. काँटॅक्टरच्या कॉइलवर विजेचा झटका शोषणारा आरसी स्नबर लावला, यूएसबीची केबल मोटरच्या तारांपासून लांब नेली, तिला फेराइटचं कडं घातलं. तेवढ्याने भागलं. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, असलेल्या मोठ्या मशीनवर यूएसबीची वीज दोन्हीकडे वेगळी ठेवणारा एडीयूएम४१६० चा आयसोलेटरच घालावा लागला. हा महाग पडतो, पण लॅपटॉपचा मदरबोर्ड त्याहून महाग असतो. कारखान्यात बोर्ड लावणाऱ्यांनी हे लिहून ठेवा.

पुढे नकलेचं झंझटच नको म्हणून आम्ही सरळ सीएच३४० वाले बोर्ड घ्यायला लागलो. स्वस्त आहेत आणि नाव लपवत नाहीत. त्यांची दुखणी वेगळी. उबंटू २२.०४ आलं तेव्हा हे बोर्ड जोडल्या जोडल्या पोर्ट दिसायचा आणि लगेच जायचा. अंधांसाठीच्या ब्रेल यंत्रांची बीआरएलटीटीवाय नावाची सेवा त्यात असते, तिला हा नंबर ब्रेल यंत्राचा वाटायचा आणि ती पोर्ट बळकावून बसायची. ब्रेल यंत्र वापरत नसाल तर ती काढली की प्रश्न मिटतो. लिनक्सवर पोर्ट दिसूनही ‘परमिशन डिनाइड’ येत असेल तर स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. परत न येता फोन करणारेच जास्त.

टाइप-सी आल्यापासून नवीच गंमत. काही स्वस्त बोर्डांत, समोरच्याला ‘वीज दे’ सांगणारे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. दोन्हीकडून सी असलेल्या केबलने त्यांना वीजच मिळत नाही, ए-टू-सी केबलने व्यवस्थित चालतात. ईएसपी३२ हा बोर्ड प्रोग्रॅम चढवताना ‘कनेक्टिंग’ म्हणत ठिपके टाकत बसला तर बूटचं बटण दाबून धरा. पोर्ट दिसतो पण प्रोग्रॅम चढत नाही, तर ऊनोची रिसेट पिन ग्राउंडला लावा, टीएक्स-आरएक्स (पाठवायची आणि ऐकायची पिन) एकमेकांना जोडा आणि सिरियल मॉनिटरमध्ये काहीतरी टाइप करा. टाइप केलेलं परत आलं तर यूएसबीची बाजू शाबूत आहे, दोष पुढे शोधा. मोटर थेट बोर्डाच्या पाच व्होल्टवर चालवू नका. ५०० मिलीअँपिअरचा पॉलिफ्यूज (आपोआप सावरणारा फ्यूज) तापून तोंड फिरवतो, तुम्ही बोर्ड मेला म्हणून रडता, आणि थंड झाल्यावर तो परत चालतो. आणि हो, पालकांनी मुलाला महागडा लॅपटॉप घेण्याआधी चांगला मल्टिमीटर घेऊन द्यावा. त्यात आमचा फायदा आहे असं कुणी म्हणेल, तर आहेच.

कॉलेजच्या यादीत आमचं नाव पुन्हा आलं. कसं, ते सांगण्यात अर्थ नाही, भांडारात माणूस बदलला एवढंच. तोंडी ठेवलेला ठपका तोंडीसुद्धा कुणी मागे घेतला नाही.

समोरचे शेठ अजून आहेत. फलकही आहे, पावसाने ‘ओरिजिनल’मधला ‘ओ’ गेलाय. त्यांच्याकडचा मुलगा आठवड्याला पिशवीभर बोर्ड घेऊन आमच्याकडे येतो, “काकांनी सांगितलंय, बघून ठेवा.” आम्ही डबीवर केबल तपासतो, क्रिस्टलला सोल्डर मारतो, गरज असेल तिथे ड्रायव्हर टाकून देतो. बिल महिन्याच्या महिन्याला पाठवतो. गेल्या दिवाळीपासूनचं येणं आहे. मुलाला विचारलं की तो म्हणतो, काका गावाला गेलेत. काका काउंटरवर बसलेले मला इथून दिसतात.