ओपीचा पेशंट : आधी छाती ऐका

नाशिक जिल्ह्यात नर्सिंगचं मेडिकल-सर्जिकल वॉर्डातलं पोस्टिंग करताना ओपीचा, म्हणजे ऑर्गेनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेचा पेशंट कधी ना कधी समोर येतोच. निफाड, दिंडोरी, चांदवड हा द्राक्ष-कांद्याचा पट्टा आहे आणि फवारणीची औषधं घरातच असतात. पण विद्यार्थी या बेडपासून लांब राहतात. वास येतो, उलट्या चालू असतात, एमएलसी (पोलिसांत नोंद होणारी मेडिको-लीगल केस) असते, पोलीस आणि नातेवाईक असतात. आमचं सांगणं उलटं आहे : हा बेड मागून घ्या. श्वासमार्ग, औषधाचं गणित, व्हेंटिलेटर, सक्शन, दर तासाचा चार्ट आणि माणसाशी बोलणं हे सगळं इथे एकाच पेशंटमध्ये शिकता येतं.

सुरुवात एका शब्दापासून. नातेवाईक सांगतात, "औषध घेतलंय." आपल्याकडे पिकावरचंही औषध आणि डोकेदुखीचंही औषधच. म्हणून लगेच विचारा : प्यायलं, की फवारताना अंगावर आलं? किती वाजता? दारूबरोबर का? आणि बाटली कुठे आहे? बाटली आणायला माणूस घरी पाठवावा लागला तरी पाठवायला सांगा. द्राक्षबागेत मारलं जाणारं प्रत्येक औषध ओपी नसतं. भुरी-डाऊनीची बुरशीनाशकं वेगळी, पायरेथ्रॉइड वेगळी आणि पॅराक्वाट हे तणनाशक तर पूर्ण वेगळं. पॅराक्वाटमध्ये गरज नसताना दिलेला ऑक्सिजन फुप्फुसाचं नुकसान वाढवतो. त्यामुळे "विषबाधा आहे, मास्क लावा" असा सवयीने चालणारा हात इथे चालू देऊ नका. लेबलवरच्या रंगीत चौकोनाचा लाल, पिवळा, निळा, हिरवा हा क्रम उतरत्या विषारीपणाचा आहे. पण उपचार ठरतो तो त्याखाली छापलेल्या घटकाच्या नावावरून. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट ही नावं ओळखता आली पाहिजेत.

श्वास सांभाळून झाल्यावर, किंवा दुसरे हात तो सांभाळत असताना, कपडे काढायचे. सगळे. साबण आणि कोमट पाण्याने केस, कानामागे, बेंबी, जांघा, नखांच्या खाली धुवायचं. निफाडच्या डिसेंबरात नळाचं गार पाणी वापरलं तर पेशंट गारठतो आणि गार बोटांवर पल्स ऑक्सिमीटर भलतेच आकडे दाखवतो. हातमोजे नायट्राइलचे हवेत. फवारणीच्या औषधातलं सॉल्व्हंट पातळ लॅटेक्समधून आत शिरतं. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून लेबल लावा. एमएलसी आहे, ते फेकायचे नसतात. पोट धुणं पहिल्या तासाभरातच उपयोगी आणि तेही श्वासमार्ग सुरक्षित असेल तरच. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला नळी घालून पाणी ओतलं की ते फुप्फुसात जातं आणि ओपीच्या जोडीला ॲस्पिरेशन न्यूमोनिया येतो.

आता मुख्य औषध, ॲट्रोपीन. ओपीमुळे छातीत साठणारा स्राव ते सुकवतं. आपल्याकडचं नेहमीचं ॲम्प्यूल १ मिलीचं, त्यात ०.६ मिग्रॅ. तरी लेबल दर वेळी वाचा, वेगळ्या ताकदीच्या व्हायलही मिळतात. डॉक्टरांची ऑर्डर बहुतेक वेळा दर पाच मिनिटांनी दुप्पट अशी असते : ३ ॲम्प्यूल, मग ६, मग १२. म्हणजे १.८, ३.६ आणि ७.२, एकूण १२.६ मिग्रॅ, २१ ॲम्प्यूल. इतर आजारांत एक-दोन ॲम्प्यूल पाहिलेल्या विद्यार्थ्याला इथे धडकी भरते, पण या विषात एवढं लागतं. फोडलेली ॲम्प्यूल किडनी ट्रेमध्ये जमा करत जा, बिनमध्ये टाकू नका. गडबडीत चार्ट मागे पडला तरी ट्रेमधली मोजता येतात. आणि लिहिताना "३ ॲम्प" नाही, मिग्रॅ लिहा आणि वेळ लिहा. ग्रामीण रुग्णालयातून १०८ ने आलेल्या पेशंटच्या रेफरल चिठ्ठीवर "इंज. ॲट्रोपीन दिलं" एवढंच असेल तर फोन करून किती ते विचारा.

थांबायचं कधी? इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. टॉर्च घेऊन बाहुल्या बघण्याची सवय पक्की असते, पण बाहुल्या उशिरा मोठ्या होतात आणि फवारणीचं औषध एका डोळ्यात उडालं असेल तर एकच बाहुली बारीक राहते. खरं उत्तर छातीत मिळतं. दोन्ही बाजूंनी, पुढून आणि मागून ऐका. सगळीकडे खरखर आणि शिटी ऐकू येत असेल तर स्राव अजून आहे, ॲट्रोपीन हवं. छाती साफ, नाडी ८० च्या वर, सिस्टोलिक बीपी ८० च्या वर, काख कोरडी आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या राहिलेल्या नाहीत, ही पाच चिन्हं मिळून लक्ष्य. काख हाताने बघा; कोरड्या काखेत हातमोजा अडकतो. नाडी १२० आहे म्हणून ॲट्रोपीन हातात धरून बसायचं नाही, कारण ऑक्सिजन कमी पडल्यानेही नाडी वाढते.

याच्या उलट चूकही होते. खरखर फक्त उजव्या फुप्फुसाच्या तळाशी आहे, बाकी छाती साफ, काख कोरडी. हा ॲस्पिरेशनचा आवाज असू शकतो आणि तो ॲट्रोपीनने जाणार नाही. तो घालवायला डोस वाढवत राहिलं की पेशंट ॲट्रोपीनने आजारी पडतो. म्हणून "क्रेप्स (खरखर) आहेत" एवढं लिहून भागत नाही. कुठे आहेत ते लिहा.

लक्ष्य गाठल्यावर ड्रिप, साधारण एकूण डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला. वरच्या उदाहरणात हिशोब सोपा होतो. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ५० ॲम्प्यूल न मिसळता भरली की दर मिलीत ०.६ मिग्रॅ. २१ ॲम्प्यूलचे १० टक्के म्हणजे तासाला २.१ मिली, २० टक्के म्हणजे ४.२ मिली. ४.२ ने चाललेली सिरिंज बाराएक तासांत संपते. रात्री आठला लावली तर सकाळी आठच्या हँडओव्हरच्या तोंडावर संपणार, म्हणजे अगदी जेव्हा कोणी बेडजवळ नसतं तेव्हा. पुढची सिरिंज तासभर आधी भरून, लेबल लावून ठेवा. मध्ये खंड पडला की स्राव परत येतो.

ड्रिप लागल्यावर पहिला तास दर १५ मिनिटांनी बघा. पेशंट बडबडायला लागला, चादर ओढायला लागला, ताप चढला, पोटाचे आवाज थांबले, लघवी तुंबली तर ॲट्रोपीन जास्त झालं. सिस्टरांना आणि डॉक्टरांना तेव्हाच सांगा. सहसा ड्रिप थांबवून अर्ध्या-एक तासाने कमी दराने परत सुरू करतात. अशा पेशंटचे हात बांधून मोकळं होऊ नका. पाम, म्हणजे प्रॅलिडॉक्सीम हे ओपीवरचं दुसरं औषध, काही युनिट देतात, काही देत नाहीत. तज्ज्ञांत एकमत नाही. दिलं तर पहिला डोस २० ते ३० मिनिटांत जायला हवा. भरकन ढकललं तर उलटी, वाढलेलं बीपी, अगदी हृदय थांबण्यापर्यंत मजल जाते.

श्वासनळीत ट्यूब घातली असेल तर स्राव ओढायच्या सक्शन कॅथेटरसाठी ट्यूबच्या नंबरातून २ वजा करा आणि दुप्पट करा : ८ ची ट्यूब, १२ चं कॅथेटर. ७.५ ला ११ येतं, तिथे १० घ्या. आधी १०० टक्के ऑक्सिजन, सक्शनचा दाब ८० ते १२० मिमी पारा, एका वेळी १५ सेकंदांच्या आत. नजर मॉनिटरवर ठेवा. ओपीमध्ये नाडी मंद करणाऱ्या व्हेगस नसेचा जोर आधीच वाढलेला असतो, त्यात कॅथेटर टोचलं की नाडी धाडकन खाली येते. ट्यूबच्या कफचा, म्हणजे टोकाजवळच्या फुग्याचा दाब २० ते ३० सेंमी पाणी, बोटाने दाबून अंदाज नको.

दुसऱ्या दिवशी पेशंट शुद्धीवर येतो, चहा मागतो आणि सगळे निर्धास्त होतात. हेच दिवस अवघड. साधारण २४ ते ९६ तासांत इंटरमीडिएट सिंड्रोम येऊ शकतो : मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात, छाती मात्र साफ असते, ऑक्सिजन सॅच्युरेशनही (एसपीओटू) शेवटपर्यंत बरं दिसतं. म्हणून दर दोन-तीन तासांनी दोन गोष्टी करा. "दादा, उशीवरून डोकं उचला आणि धरून ठेवा." मग "एका श्वासात आकडे मोजा." सकाळी २२ पर्यंत मोजणारा दुपारी १३ वर थांबला तर एसपीओटू ९७ असलं तरी डॉक्टरांना बोलवा आणि इंट्यूबेशनची ट्रॉली बेडजवळ आणा. ट्यूब घालताना स्कोलीन हे स्नायू ढिले करणारं औषध टाळतात, कारण ओपीमध्ये ते लवकर उतरत नाही. हे ट्रॉली लावणाऱ्यालाही माहीत हवं.

आणि ज्याने स्वतःहून घेतलं असेल त्याला "असं का केलंस" असं विचारू नका. आधी आईने विचारलेलं असतं, मग पोलिसांनी. "आता छातीत कसं वाटतंय?" इथून सुरू करा, खुर्ची ओढून बसा. बेडजवळ कात्री, ब्लेड, औषधांच्या पट्ट्या ठेवू नका, आणि बाथरूमला एकटं पाठवू नका. मानसोपचाराचा रेफरन्स डिस्चार्जच्या दिवशी नाही, बोलायला लागल्या दिवशी लागतो. त्याची आठवण करून द्यायला विद्यार्थ्याने लाजू नये. घरच्यांच्या हातात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्या आणि फवारणीची औषधं कुलपात कोण ठेवणार, किल्ली कोणाकडे राहणार, हे त्यांच्याकडून नावानिशी ठरवून घ्या.