साडेबारा आठवड्यांचा हिशोब

गेल्या आठवड्यात आमच्या भागातला एक पोरगा भेटायला आला. फौजेत आहे, सध्या पोस्टिंग जम्मूला. घरात सगळं बिनसलंय, बायको माहेरी, मूल पाच महिन्यांचं, आणि त्याच्या डोक्यात तोच किडा, जो कधी काळी माझ्या डोक्यात होता: मूल आपलं नाही. तो तास-दीड तास बोलत होता. मी त्याला एकच विचारलं, "सोनोग्राफीचा रिपोर्ट बघितलास का?" नंतर वाटलं, हे एकट्याला सांगून भागणार नाही. म्हणून लिहितोय. नावं, गाव लिहीत नाही. त्यात मुलगी आहे, तिची आई आहे.

मी सातारा जिल्ह्यातला, बेळगावला ट्रेनिंग झालेला. २०१८ साली कुपवाड्याकडं होतो. १० मार्च ते ८ एप्रिल तीस दिवस सुट्टी काढून घरी आलो. १८ मार्चला पाडवा होता. दोघांनी मिळून गुढी उभारली. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूल नव्हतं, त्यामुळं मे महिन्यात फोनवर बातमी कळली तेव्हा मी पोस्टवर सगळ्यांना गूळ वाटला.

२८ मेला तिनं सोनोग्राफी केली आणि रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. वर नेटवर्क नव्हतं. खाली आलो तेव्हा चार-पाच दिवसांनी मिळाला. मला त्यातलं काही कळेना. म्हणून नात्यातल्या एकाला पाठवला. तो औषधाच्या दुकानात कामाला होता, घरात त्याला अर्धा डॉक्टर समजायचे. सगळं व्यवस्थित आहे ना, एवढंच मला विचारायचं होतं. त्याचा फोन आला. म्हणाला, "रिपोर्टवर १२ आठवडे ४ दिवस लिहिलंय. म्हणजे ८८ दिवस. २८ मेपासून मागं मोज, १ मार्च येतो. तू घरी कधी आलास?"

१० मार्चला.

त्या नऊ दिवसांवर माझा संसार मोडला. दुसरं काहीही नव्हतं. ना चिठ्ठी, ना कुणाचा फोन, ना गावातली कुजबुज. मी बायकोला विचारलंसुद्धा नाही. जुलैपासून पैसे पाठवणं बंद केलं. २ डिसेंबरला मुलगी झाली, मी गेलो नाही. तिची पार्ट टू ऑर्डर करायचा अर्ज दिला नाही. बाहेरच्या माणसाला याचा अर्थ कळणार नाही. पार्ट टू ऑर्डर निघाली नाही की ते मूल जवानाच्या रेकॉर्डवर येत नाही. डिपेंडंट कार्ड नाही, मिलिटरी हॉस्पिटल नाही, पुढं शिक्षणाचा भत्ता नाही. मी जगत होतो आणि माझ्या पोरीचा बाप कागदावर नव्हता.

२०१९ मध्ये मी कोर्टात घटस्फोटाचा दावा टाकला आणि डीएनए चाचणीचा अर्ज दिला. तिनं मॅजिस्ट्रेटकडं कलम १२५ खाली पोटगी मागितली (आता नव्या कायद्यात ते कलम १४४ झालंय) आणि आमच्या सीओ साहेबांना (युनिटचे कमांडिंग ऑफिसर) पत्र लिहिलं, सोबत मुलीचा जन्मदाखला. मला कारणे दाखवा नोटीस आली. उत्तरात मी लिहिलं, मूल माझं नाही. वर्षभरानं वरून आदेश आला: पगार-भत्त्यांच्या २२ टक्के बायकोला, साडेपाच टक्के मुलीला, परस्पर कापून. मी चिडून हेड क्लार्क साहेबांकडं गेलो. त्यांनी आर्मी ॲक्टचं कलम ९१ उघडून समोर धरलं. बायको आणि मूल, मूल औरस असो वा अनौरस, त्यांच्या पोषणासाठी जवानाचा पगार कापता येतो. "कोर्ट जोवर वेगळं काही म्हणत नाही तोवर ती तुझी," असं ते शांतपणे म्हणाले. तेव्हा मला ते शत्रू वाटले. आज त्यांची आठवण आली की हात जोडावेसे वाटतात, कारण त्या साडेपाच टक्क्यांनी माझ्या पोरीला दूध मिळालं.

कोर्टाच्या तारखांबद्दल एक कामाची गोष्ट. आर्मी ॲक्टमध्येच कलम ३२ आहे. खटल्यासाठी सुट्टी मिळाल्याचा युनिटचा दाखला दिला तर कोर्ट शक्यतो त्या सुट्टीतच सुनावणी लावतं. माझे पहिले तीन हेलपाटे हे माहीत नसल्यामुळं वाया गेले.

माझे वकील प्रामाणिक होते. पहिल्याच भेटीत त्यांनी सुट्टीचा दाखला मागितला आणि वाचून बाजूला ठेवला. म्हणाले, "हा जोडला तर तुमचीच बाजू पडते." पुरावा कायद्याचं कलम ११२ त्यांनी समजावलं. लग्न टिकून असताना झालेलं मूल नवऱ्याचंच. ते खोडायचं असेल तर गर्भ राहण्याच्या काळात नवरा-बायकोचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे दाखवावं लागतं. मी तर महिनाभर घरात होतो. मी त्यांना २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवायचो, चंद्रपूरच्या एका नवऱ्याचा, कुणीतरी फॉरवर्ड केलेला. त्यात कोर्टानं डीएनएचा अहवाल कायद्याच्या गृहीतकापेक्षा वर मानला होता. वकील म्हणाले, तिथं चाचणी आधीच झाली होती आणि ती नवऱ्याच्या बाजूनं आली होती. नवऱ्याला शंका आली म्हणून लेकराचं रक्त काढायचा आदेश कोर्ट देत नाही. २०२१ मध्ये माझा अर्ज फेटाळला गेला. पुढं २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही एका प्रकरणात सांगितलं की अशी चाचणी सरसकट करता येणार नाही, आधी मुलाचं हित बघा. मला आता ते पटतं. तेव्हा मी कोर्टाच्या आवारात भिंतीवर मूठ आपटली होती.

त्यानंतर युनिटला परतलो तर बीपी वाढलेलं. एम.आय. रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, आमचे आर.एम.ओ. (युनिटचे डॉक्टर) होते, माझ्यापेक्षा वयानं लहान कॅप्टन. झोप का लागत नाही, असं त्यांनी विचारलं आणि मी सगळं ओकलो. त्यांनी रिपोर्ट मागितला. मोबाईलमध्ये होताच. फोटो मोठा करून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. एल.एम.पी., पुढं तारीख, १ मार्च २०१८.

"याचा अर्थ माहीत आहे?" नव्हता. ते म्हणाले, गर्भ कोणत्या दिवशी राहिला हे सहसा सांगता येत नाही, म्हणून डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात. सगळ्या बायकांचे तसेच मोजतात. गर्भ प्रत्यक्षात त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी राहतो. दोन-चार दिवस इकडं-तिकडं. "म्हणजे १५ मार्चच्या आसपास. त्या दिवशी तू कुठं होतास?"

मी घरी होतो. पाडव्याच्या आधी तीन दिवस. परसातला बांबू तोडून गुढीसाठी तासत होतो.

एवढं सांगायला त्या डॉक्टरला दोन मिनिटं लागली. मी तीन वर्षं कुणालाच विचारलं नव्हतं.

सुट्टी काढली, आबांना घेऊन तिच्या माहेरी गेलो. मुलगी दारात खेळत होती, तिनं मला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. मी सगळं सांगितलं, चूक कबूल केली. बायकोनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही त्याला विचारलंत. कोर्टाला विचारलंत. मला एकदा विचारायचं होतं. आता मला माघारी यायचं नाही." तिच्या आईनं आम्हाला चहा दिला. आबा घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलले नाहीत.

मी आरोपाचा दावा मागं घेतला, परस्पर संमतीनं हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली घटस्फोट घेतला. तिला एकरकमी दिले, मुलीचं दरमहा ठरवलं, आधीची कपात त्यात धरली. पार्ट टू ऑर्डर उशिराचं प्रतिज्ञापत्र जोडून निघाली. तारखेच्या रकान्यात २ डिसेंबर २०१८ लिहिताना माझा हात थरथरला. मुलीला महिन्यातून दोनदा भेटतो. निरोप सगळे मेव्हण्यामार्फत.

२०२४ ला मी हवालदार म्हणून घरी आलो. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डासाठी मुलीचा फोटो हवा होता. मेव्हणा गावाला गेलेला. दोन दिवस विचार करून मी तिच्या आईला सरळ मेसेज केला. रात्री फोटो आला, शाळेच्या गणवेशातला, दोन वेण्या, लाल रिबीन. खाली काही लिहिलेलं नव्हतं. वर सरकवलं तर त्याच्या आधीचा तिनं पाठवलेला फोटो म्हणजे तो २८ मेचा रिपोर्ट.