बाहेरगावच्यांची हॉटेले

मुंबईतल्या जुन्या हॉटेलांचा विषय निघाला की माणसे चवीपासून सुरुवात करतात. मला मात्र आधी त्यांचे पत्ते आठवतात. दादर स्टेशनाच्या पश्चिमेला १९१० पासूनचे मामा काणे, माटुंगा स्टेशनाला लागून १९४२ पासूनचे ए. रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, ग्रँट रोड स्टेशनाजवळ १९१४ साली सुरू झालेले बी. मेरवान. भुसावळच्या रेल्वेलाइनवर वाढलेल्या माणसाला मुंबई अशीच स्टेशनागणिक ठाऊक असते, आणि कुठल्या स्टेशनाबाहेर पोटाची सोय होते हे तो आधी पाठ करतो.

चाळीसगाव, पाचोरा, जळगाव या बाजूची माणसे रात्रीच्या गाडीने निघायची आणि उजाडता उजाडता दादरला उतरायची. कामे ठरलेली असत : मंत्रालयात अडकलेली फाइल, टाटा हॉस्पिटलची तारीख, एखादी मुलाखत. नातेवाइकाच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात इतक्या सकाळी जाऊन उभे राहणे प्रशस्त वाटत नसे, म्हणून आधी चहा, वडा आणि तोंड धुण्यापुरते पाणी. तेव्हा जाणवले नाही, पण आता वाटते की ही हॉटेले मुळात आमच्यासारख्यांसाठीच होती, आणि तशाच लोकांनी काढलेली होती. शहरात ज्याचे घर असते तो घरी जेवतो. ज्याचे घर दूर राहिले आहे त्याच्यासाठी हॉटेल लागते.

इराण्यांचेच पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून यझ्द आणि केरमान भागातून आलेल्या या झरथुष्ट्री मंडळींनी रस्त्यांचे कोपरे धरले आणि एक कप चहावर तासभर बसू देणारी जागा या शहराला दिली. धोबी तलावाच्या कयानीत, जे १९०४ पासून चालू आहे, ब्रून मस्का मागवावा. पावाचे कवच इतके कडक की पहिला घास दातांनी तोडावा लागतो; मग तो चहात बुडवला की कवच नमते आणि चहावर लोण्याचे पिवळे डोळे तरंगू लागतात. चहा निम्मा होईपर्यंत बशीत चुऱ्याचा सडा पडलेला असतो. इराण्यांच्या भिंतींवरच्या सूचनांची पुष्कळ थट्टा झाली आहे, पण ज्याला खोलीवर परत जायचेच नाही असे गिऱ्हाईक रोज येत असले, तर ‘केस विंचरू नयेत’ हे लिहून लावावेच लागणार. बॅलार्ड इस्टेटमधल्या १९२३ च्या ब्रिटानियाचे गिऱ्हाईक वेगळे. ते आसपासच्या कचेऱ्यांतले, त्यामुळे इराणहून आणलेल्या आंबटगोड बेरी पेरलेला तिथला पुलाव प्रामुख्याने दुपारच्या जेवणाचा राहिला.

माटुंग्याच्या बोर्डिंगात मी प्रथम गेलो तो नानांबरोबर, म्हणजे माझ्या चुलत्यांबरोबर. कुपन घ्यायचे, नंबर येईपर्यंत वाट पाहायची, मग शेजारच्या अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून केळीच्या पानावर बसायचे. वाढप्याच्या हातातल्या स्टीलच्या बादल्या इतक्या वेगाने पुढे सरकत की नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत भाताचा डोंगर झालेला असे. नानांनी पहिला घास घेतला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात निर्णय दिला, ‘वरन गोड शे भो!’ मग त्यांनी कोटाच्या खिशातून लसणाच्या लाल चटणीची पुडी काढली, पानाच्या कडेला रिकामी केली आणि वाढप्याकडे असे पाहिले की आता आणा काय आणायचे ते. वाढप्याने चटणीकडे पाहिले, नानांकडे पाहिले आणि आणखी भात वाढला. परगावच्या माणसाला पोटभर वाढायचे, हा त्या जागेचा बाणा होता, आणि तो नानांनाही शेवटी कबूल करावा लागला. रसम त्यांनी वाटी उचलून प्यायले.

टिकण्याचे कारण मात्र केवळ बाणा नव्हे. गिरणगावात घरोघरी खाणावळी होत्या. बायका आपल्या खोलीत गिरणी कामगारांचे डबे आणि पंगती सांभाळत. त्यांनाच संघटित करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या खाणावळींतले जेवण कुठल्याही नामवंत हॉटेलाच्या तोडीचे असणार, पण १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, कामगार पांगला आणि खाणावळींचे गिऱ्हाईकच सरले. स्टेशनाजवळच्या हॉटेलाला ही भीती नाही, कारण गाडी रोज येते आणि रोज नवी भूक उतरवून जाते.

मग या यादीत आपले खान्देशी नाव का नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत असे. एक कारण शिदोरी. आमचा माणूस दशम्या आणि चटणी बांधल्याशिवाय गाडीत पाय ठेवत नसे. दुसरे कारण अधिक खरे वाटते : आमच्या जेवणाला जागा लागते. बामणोदची वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्यांच्या जाळावर काळी होईपर्यंत भाजायची, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापायची, पालथ्या खापरावर हातभर मांडा पसरायचा, हे सारे गिरगावातल्या एखाद्या गाळ्यात कसे मावणार? धूर झाला असता तर शेजाऱ्यांनी बंब बोलावला असता.

अलीकडे मुंबई-पुण्याच्या उपनगरांत शेवभाजीच्या पाट्या दिसू लागल्या आहेत आणि त्यांतल्या काही ठिकाणी काळा मसाला खरोखर गावाकडून येतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याला पऱ्हाटीचा वास येत नाही, हे मी चालवून घेतो. पण परवा अशाच एका ठिकाणी गल्ल्यावरच्या तरुणाने अत्यंत अदबीने विचारले, ‘काका, तिखट कमी करायला सांगू का?’, तेव्हा नाना सोबत नव्हते याचे मला हायसे वाटले.